चिरगावला न गेलेल्या डुकरिणी

आमच्या अण्णांना सगळं कळायचं, आणि त्या उन्हाळ्यात मला सगळ्यात जास्त ताप त्याचाच झाला. अण्णा म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. फौजेत जनावरांच्या दवाखान्यात हवालदार होते. नोकरीची सगळी वर्षं डोंगरातल्या ठाण्यांवर खेचरांचे खूर बघण्यात गेली. निवृत्त झाल्यावर गावी परतायचं सोडून झाशीतच नगरा भागात दोन खोल्या बांधून राहिले, आणि घरी बसून माणूस गंजतो म्हणत शहराबाहेर चिरगाव रस्त्याला एक कुंपणाची जागा भाड्यानं घेऊन तिथं पांढरी विलायती डुकरं पाळायला लागले. मावशीनं पहिले सहा महिने डोक्याला फडकं बांधून काढले. गावाकडच्या नातेवाइकांना ती फोनवर “हे पशुपालन करतात” एवढंच सांगायची. कोणते पशू असं कुणी विचारलं की तिला ऐकू यायचं बंद व्हायचं.

माझी शाळा नववीनंतर सुटली. का सुटली ते इथं उगाळत बसत नाही. घरात खाणारी तोंडं जास्त होती आणि मी थोरली होते, एवढं पुरे. मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा चार महिन्यांसाठी म्हणून मला सुट्टी संपवून परत निघालेल्या एका जवानाच्या कुटुंबाबरोबर साताऱ्याकडून झाशीला धाडलं. चार महिने झाले, सहा झाले, वर्ष झालं. मावशी चालायला लागली तरी मला परत जा म्हणून कुणी म्हटलं नाही. माझं ताट वाढलेलं असायचं, दिवाळीला कापड यायचं, थंडीत माझ्या अंगावर रजई आहे का ते मावशी उठून बघायची. हे सगळं कुणीतरी एक दिवस आठवण झाल्यासारखं काढून घेईल, या भीतीनं मी नको तितकी कामाची झाले होते. कुणी काही मागितलं की माझ्या तोंडून आधी ‘हो’ निघायचं, मग काय मागितलं ते कळायचं.

त्या घरात महाराष्ट्र स्वयंपाकघरापुरताच उरला होता. उंबऱ्याबाहेर ‘भैया’ आणि ‘जी’. अण्णा तर रागावले तरी अर्धं वाक्य हिंदीतून रागवायचे. पण मावशीला ज्वारीची भाकरी लागायची, म्हणून महिन्यातून एकदा अण्णा मऊरानीपुरच्या बाजारातून ज्वारीचं पोतं आणायचे आणि ते उतरवताना ही ज्वारी सोलापूरच्या तोंडात मारेल असं दर वेळी सांगायचे. काळा मसाला सुट्टीवरून परतणाऱ्या कुणाच्या तरी ट्रंकेतून यायचा. संध्याकाळी भाकरी थापण्याचा आवाज, पलीकडच्या घरातली कुकरची शिट्टी आणि लांबून येणारा गाडीचा भोंगा असं एकदम सुरू झालं, की मला आपण कुठं आहोत तेच क्षणभर समजायचं नाही.

मावशीचा एक नियम मात्र माझा जीव खायचा. फार्मवरून आलं की पुढच्या दारानं घरात यायचं नाही. मागच्या मोरीत आंघोळ, तिथंच कपडे बदलायचे. फार्मच्या चपला मागच्या भिंतीपाशी, घरातल्या आत. दोन्ही चपला शेजारी शेजारी दिसल्या तरी ती कढईतलं उलथनं हातात घेऊन बाहेर यायची. जानेवारीत झाशीचं पाणी हाडाला चावतं. मी कुडकुडत डोक्यावरून तांब्या घेताना मनात म्हणायचे, एवढी किळस आहे तर ह्याच डुकरांच्या जिवावर घरात आलेला पंखा कसा चालतो हिला! तोंडावर अर्थात एक शब्द नाही. तेवढी माझी हिंमत नव्हती.

फार्मवर अण्णा, मी आणि रामसेवक. रामसेवक तिथलाच, पन्नाशीचा, पिढ्यान्‌पिढ्या डुकरं राखलेल्या घरातला. त्याला जनावराच्या नुसत्या चालण्यावरून त्याचं पोट कळायचं, पण अण्णा त्याला कधी बोलू द्यायचे नाहीत, कारण अण्णांकडे फौजेचं प्रशस्तिपत्र होतं. सकाळी ढाब्यांवरून आणलेलं खरकटं मी मोठ्या ड्रममध्ये उकळायचे, त्यात कोंडा कालवायचे. बादलीच्या कडीचा आवाज झाला की शेडमध्ये असा काही कल्लोळ उठायचा की रस्त्यावरचे सायकलवाले वळून बघायचे. मला तो आवाज आवडायचा. मी आल्याचा एवढा आनंद दुसऱ्या कुणाला कधी झालेला नव्हता.

जूनच्या सुरुवातीला त्या कल्लोळातला एक आवाज कमी झाला. चमेली म्हणून एक गाभण डुकरीण होती, नाव रामसेवकानं ठेवलेलं. ती उठलीच नाही. दुपारी बघते तर तिच्यासह तिघी कोपऱ्यात एकमेकींच्या अंगावर पडलेल्या. बाहेर लू वाहत होती, पत्र्याला हात लावला तर फोड येईल असं ऊन, आणि ह्या थंडीत बसावं तशा एकमेकींना चिकटून. अण्णांनी थर्मामीटर लावला, डोळ्यांजवळ नेऊन वाचला आणि म्हणाले, “लू लागली आहे. बर्फ आण.”

“अण्णा, ऊन लागलं तर त्या लांब लांब पडतील ना? पाण्याकडं जातील. ह्या तर कुडकुडताहेत.”

“तू किती खेचरं बघितली आहेस?”

“एकही नाही.”

“मग?”

ह्या ‘मग’ला उत्तर नसायचं. रामसेवक बाहेर बीडी पेटवत माझ्याशीच पण स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाला, “बिन्नू, जा लू नइयाँ. कछू और है.” बिन्नू म्हणजे लेक, तो मला तेच म्हणायचा. मी म्हटलं, ही लू नाही तर मग अण्णांना सांगा ना काका. तो म्हणाला, “हवालदार साब से कौन कहे?” झालं. ज्याला कळतं तो बोलणार नाही, जो बोलतो त्याला कळत नाही, आणि मी मधे बर्फाची बादली घेऊन उभी.

तिसऱ्या दिवशी चमेली गाभडली आणि संध्याकाळच्या आत गेली. तिचे कान आधी लाल होते, मग जांभळे झाले, जांभूळ खाऊन जीभ होते तसे. नाकाशी रक्त होतं. अण्णा गप्प झाले, पण तासाभरापुरतेच. मग त्यांनी कपाटातून डुकरांच्या लसीचं कार्ड काढून माझ्यापुढं धरलं. स्वाइन फीवरची लस आपण दिलेली आहे, तेव्हा तो रोग असू शकत नाही. उरली ती लू, नाहीतर खुरकूत. खुरकुतीचं त्यांच्याकडे जन्मभराचं औषध होतं, ते म्हणजे लाल दवा, परमँगनेटचं जांभळं पाणी. झालं, सगळ्या डुकरांचे पाय लाल दव्यात बुडवायचा कार्यक्रम निघाला. खुरकूत झालेलं जनावर लंगडतं, तोंडातून लाळ गळते, खुरांच्या बेचक्यात फोड येतात, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. इथं एकीच्याही खुराला काही नव्हतं. पण औषध हाताशी होतं ना. दीड क्विंटलची डुकरीण मागून ढकलत तिचे चारी पाय घमेल्यात घालायचे म्हणजे काय असतं, ते ज्यानं केलंय त्यालाच माहीत. रात्री माझे हात कोपरापर्यंत जांभळे होते आणि मावशी विचारत होती, “काय गं, रंगपंचमी होती का?”

मग समाचाराला माणसं यायला लागली. हा अण्णांचाच लावलेला रिवाज. आपल्याकडं कुणी आजारी पडलं की बिस्किटचा पुडा घेऊन भेटायला जातात, तसं अण्णा आसपासच्या कुणाचंही डुक्कर आजारी पडलं की जायचे. पुडा न्यायचे, जनावराच्या पाठीवर हात फिरवायचे, दोन औषधं सांगायचे, चहा घेऊन यायचे. आधी लोक हसले, मग त्यांना ते आवडलं. त्या वस्त्यांमध्ये एरवी कोण साहेब डुकराची विचारपूस करायला येतो? आता हवालदार साहेबांची डुकरीण गेली म्हटल्यावर सगळे परतफेड करायला आले. पलीकडच्या वस्तीतला बब्बू आला, त्याचे भाऊ आले, कुणाचे सासरे आले. शेडमध्ये शिरायचे, आजारी जनावराला हात लावायचे, हळहळायचे, माझ्या हातचा चहा घ्यायचे आणि त्याच चपलांनी आपापल्या डुकरांकडे परत जायचे. मी दिवसाला वीस-वीस कप चहा करत होते. आजही वाटतं, त्यातला एक कप कमी केला असता आणि दार लावलं असतं तर!

बरं, ज्यांनी घाबरायचं ते हळहळत होते आणि ज्यांचा संबंध नाही ते घाबरत होते. नगऱ्यात आमच्या शेजारी एका म्हशीवाल्याकडं लोकांनी दूध घेणं बंद केलं, का तर त्याचं घर आमच्या घराला लागून! एक बाई शेळी विकून मोकळी झाली. कुणी मोबाइलवर हळद-गूळ-कापूर असला उतारा पाठवला, कुणी डुकरांच्या गळ्यात लिंबू बांधायला सांगितलं. मी घाबरत घाबरत मोबाइलवर हिंदीत शोधलं. ‘सूअर, तेज बुखार, कान नीले’. जे आलं ते मी दोनदा वाचलं. आफ्रिकन स्वाइन फीवर. आपल्या लसीचा तो रोगच नव्हे, नाव तेवढं सारखं. औषध नाही. माणसाला होत नाही, गाई-म्हशी-शेळ्यांना होत नाही, फक्त डुकराला, आणि झाला की गोठेच्या गोठे जातात. चपलांवरून जातो, कपड्यांवरून जातो, गाडीच्या चाकांवरून जातो, कच्च्या खरकट्यातून येतो. खरकटं म्हटल्यावर मी मनातल्या मनात दिवस मोजायला लागले. मंगळवारी लाकडं ओली होती, ड्रमला नीट उकळी आली होती का? मी तो मंगळवार किती वेळा आठवला असेन त्याला गणती नाही.

अण्णांना दाखवलं. त्यांनी चष्मा न लावताच वाचल्यासारखं केलं. “मोबाइलवर बघितलं तर मलाही बाळंतरोग निघेल.”

“अण्णा, सरकारी डॉक्टरांना एक फोन करूया. नुसतं विचारूया.”

“आणि ते काय करतील? सगळं मारून टाकतील. तंदुरुस्त जनावरंसुद्धा. मी खेचरांमध्ये बघितलंय.” त्यांचा आवाज एकदम खाली आला. “फोन करायचा नाही.”

त्यांना भीती वाटू शकते हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, आणि त्यामुळं माझी चिडचिड कमी होण्याऐवजी वाढलीच.

आणखी दोन गेल्या. मग अण्णांनी जो उपाय काढला तो माझ्या मते फक्त अण्णाच काढू शकत होते, किंवा आपल्यासारखी माणसं. घरात गोवर आला की धडधाकट लेकरं मामाकडं धाडतात ना, तसं. सहा डुकरिणी अजून ठणठणीत होत्या, खात-पीत होत्या. त्या चिरगावला फूलवतीकडं पाठवायच्या. फूलवती ही विधवा बाई, चिरगावच्या बाहेर तिच्यासारखी पंधरा-वीस घरं, सगळ्यांची डुकरं एकाच लिंबाखाली मोकळी फिरणारी. ती आधीपासून अण्णांच्या मागं होती की विलायती मादी अधिया द्या. अधिया म्हणजे सांभाळायचं तिनं आणि पिल्लं निम्मी निम्मी. अण्णांनी फोनवर शब्द देऊन टाकला. उद्या सकाळी लोडर येईल, म्हणजे ती छोटी मालगाडी.

“तिकडची हवा चांगली आहे,” मला म्हणाले. “वाचतील.”

दुपारी अण्णा डोळा लागून पडले होते, मावशी मिरच्या वाळत घालत होती. मी मागच्या मोरीत जाऊन जनावरांच्या सरकारी दवाखान्यात फोन लावला. तीनदा कुणी उचलला नाही. चौथ्यांदा उचललेल्या माणसानं सांगितलं, अर्ज लिहून द्या. मी म्हटलं, भैया, अर्ज लिहीपर्यंत डुकरं चिरगावला पोचतील. मग त्यानं कंटाळून डॉक्टरीण बाईंकडं फोन दिला. तरुण आवाज होता. तिनं फक्त चारच गोष्टी विचारल्या: कान, नाक, गाभडणं, किती दिवसांत मेली. मग सगळं लिहून घेतलं. म्हणाली, “एक भी जानवर बाहर नहीं जाएगा. मैं कल सुबह आ रही हूँ. तब तक रोक सकोगी?”

माझ्या तोंडून नेहमीप्रमाणे आधी ‘हाँ’ निघालं. मग काय मागितलंय ते कळलं.

सकाळी सातला लोडर आला. पुढं ड्रायव्हरशेजारी फूलवती, नवी साडी नेसून, मांडीवर गव्हाच्या कोंड्याची पिशवी, जनावरांना वाटेत द्यायला. सुनेला न्यायला आल्यासारखी नटून आली होती. मी आतून फाटकाला साखळी घातली, कुलूप लावलं आणि किल्ली मुठीत धरून फाटकाला पाठ लावून उभी राहिले.

अण्णा शेडमधून हाका मारत आले. “फाटक उघड.”

“नाही अण्णा.”

त्यांना वाटलं मी ऐकलं नाही. “फाटक उघड गं, गाडी आलीय.”

“डॉक्टर येतायत. मी फोन केलाय. त्यांनी सांगितलंय, काही बाहेर जायचं नाही.”

रामसेवक हातातली दोरी गुंडाळायला लागला, जणू तेवढंच काम जगात उरलं होतं. बाहेरून ड्रायव्हर ओरडला, “चाचा, हमें दूसरा भाड़ा भी है!” आणि फूलवती फाटकाच्या फटीतून म्हणाली, “काए बिन्नू, का हम घरै खाली हाथ जाएँ? सबखौं बता के आए हैं!”

“फूलवती चाची, आपकी भी सारी मर जाएँगी,” मी म्हटलं. “पूरे टोले की.”

“हमाई काए मरें? अपनी बचाओ पहले!”

अण्णा जवळ आले. आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. “किल्ली दे.”

“त्या आजारी आहेत अण्णा. आत्ता दिसत नाही एवढंच.”

“तुला दिसतं, मला दिसत नाही. नववी नापास पोरीला दिसतं.” मी नापास झाले नव्हते, शाळा सुटली होती, पण ते सांगायची ही वेळ नव्हती. मग ते म्हणाले ते वाक्य, ज्याची मी दोन वर्षं रोज वाट बघत होते. “कुणाच्या घरात राहतेस, आठवण आहे ना?”

मला रडू आलं. रडत रडतच मी म्हणाले, “तुमच्याच घरात राहते, म्हणून तर! दुसऱ्या कुणाच्या असते तर दिली असती किल्ली. त्या तिथं गेल्या आणि लिंबाखालची सगळ्यांची गेली, की उद्या लोक कुणाच्या नावानं बोटं मोडतील? तुम्ही समाचाराला कुठं जाल मग?”

त्यांनी हात पुढं केला होता तो तसाच राहिला. माझ्या मुठीतून किल्ली काढणं त्यांना काही अवघड नव्हतं. साठी उलटली तरी ते डुकरिणीला एका हातानं धरायचे. पण त्यांनी हात मागं घेतला, शेडच्या पायरीवर जाऊन बसले आणि बूट काढून उगाचच झटकायला लागले. लोडरवाला तासभर थांबून शिव्या देत गेला. फूलवती उतरून रस्त्याच्या कडेला बसली, कोंड्याची पिशवी मांडीवर घेऊन, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिली की मराठी लोक जबान के कच्चे होते हैं. दहाच्या सुमारास डॉक्टरीण बाई आली तेव्हाच मी फाटकापासून हलले.

पांढरा अंगरखा, हातमोजे, पायात पिशव्या बांधलेल्या. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी असेल. अण्णांनी तिला सवयीनं सॅल्यूट ठोकला, मग लसीचं कार्ड दाखवलं. ती चिडली नाही, म्हणाली, “सर, ये टीका दूसरी बीमारी का है.” रक्ताचे नमुने काढले, बाहेरगावी प्रयोगशाळेत धाडायचे होते. मग वही काढून तिनं विचारलं, गेल्या पंधरा दिवसांत कोण कोण कुठं कुठं गेलं होतं? मी लगेच मंगळवारच्या ड्रमचं सांगायला लागले. ती ऐकत होती. अण्णा मधेच म्हणाले, “मऊरानीपुर.”

“कब?”

“ज्वार लेने गया था. वहाँ एक जानने वाले के चार सूअर लू से मर गए थे. तो… मिल आया.”

“अंदर गए थे? बाड़े में?”

अण्णांनी मान हलवली. पायातल्या बुटांकडं बघितलं. तेच बूट होते. तिथूनच आलं असं छातीठोकपणे त्या बाईनंही सांगितलं नाही, आणि मी आजही सांगणार नाही. पण अण्णांनी त्या दिवसानंतर ते बूट घातले नाहीत.

अहवाल यायला पाच दिवस लागले. डॉक्टरीण बाईनं नियम सांगितले: येणाऱ्याला फाटकाबाहेरूनच परत पाठवायचं, आतल्या चपला आत, बाहेरच्या बाहेर, निघताना आंघोळ, कपडे उकळत्या पाण्यात, फाटकाशी चुन्याचा पट्टा, मेलेलं जनावर खोल खड्ड्यात चुना घालून. मी ऐकता ऐकता हसायलाच लागले. तिनं विचारलं काय झालं? मी काय सांगणार! हे सगळं आमची मावशी दोन वर्षं उलथनं घेऊन शिकवत होती. घरी येऊन मावशीला सांगितलं तर ती म्हणाली, “मग? किळस म्हणून करत होते होय मी? चाळीस वर्षं जनावराच्या दवाखान्यातल्या माणसाचे कपडे धुतलेत.” मोरीत कुडकुडताना मनातल्या मनात तिला काय काय बोलले होते ते आठवून माझी मान वर होईना.

त्या पाच दिवसांत अण्णा माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. बोलायचं ते रामसेवकामार्फत. मी समोर असताना म्हणायचे, “उससे कहो, चूना कम है.” मीही मग, “अण्णांना सांगा, चुना संध्याकाळी येतोय.” रामसेवक बिचारा दोन्हीकडून माना हलवायचा. तिसऱ्या दिवशी चिरगावला जायच्या त्या सहांमधल्या दोघींनी खाणं सोडलं. चौथ्या दिवशी एकीचे कान जांभळे झाले. अण्णा तिच्याजवळ बराच वेळ बसले, पाठीवर हात ठेवून. मी लांबून बघत होते. ‘सांगितलं होतं ना’ म्हणायची माझी केवढी इच्छा होती! पण त्या पाठमोऱ्या माणसाला बघून ते शब्द बाहेर आले नाहीत.

अहवाल आला तो तोच रोग घेऊन. मग सरकारी माणसं आली, जेसीबी आला, शेडमागं खड्डा खणला. कसं केलं ते लिहीत नाही. अण्णा शेवटपर्यंत उभे होते. प्रत्येकीला शेडमधून त्यांनीच बाहेर आणलं, परक्याच्या हातात दोरी दिली नाही. त्या सगळ्या त्यांच्यामागून चालत गेल्या, सवयीनं. दुसऱ्या दिवशी कडी वाजवायला खाण्याची बादलीच नव्हती, तरी माझे पाय तिथं वळले.

आणि तेवढ्यावर भागलं नाही. रोग पसरू नये म्हणून सरकारनं फार्मभोवती एक वर्तुळ आखलं आणि त्या वर्तुळात येणारी सगळी डुकरंही मारली. भरपाईचे कागद भरून घेतले, तरी जनावर ते जनावर. बब्बूची पाच होती, त्यातलं एकही शिंकलं नव्हतं. संध्याकाळी तो आणि त्याचे भाऊ फाटकाशी आले. चुन्याच्या पट्ट्यापलीकडं उभे राहिले. ह्याच लोकांना मी आधीच्या आठवड्यात चहा पाजला होता.

“हवालदार साब,” बब्बू म्हणाला, “फोन कौन ने करो तो?”

मी चुन्याची बादली खाली ठेवली. तोंड उघडणार, तोच अण्णा माझ्यापुढं येऊन उभे राहिले.

“हमने.”

“आपने?”

“और कौन करेगा? हमारा फार्म, हमने किया.”

मी अक्षरशः उकळले. पाच दिवस माझ्याशी अबोला, किल्ली मागायला हात पुढं केला होता त्यांनी, आणि आता सगळं निस्तरल्यावर श्रेय स्वतःकडं! मी काही बोलणार तेवढ्यात बब्बूनं अण्णांना एक घाण शिवी दिली. मग त्याच्या भावानं दिली. अण्णा उभे होते. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी हातात धरली आणि सगळं ऐकून घेतलं, पाऊण तास. ज्या माणसानं आयुष्यात कुणाचं ‘मग?’ ऐकून घेतलं नाही, त्यानं. मी मागं उभी राहून अजून रागातच होते. कशासाठी चाललंय हे माझ्या डोक्यात हळूहळू शिरलं, आणि शिरलं तेव्हा बादलीशेजारीच बसून राहिले.

त्या वस्तीनं पुढं वर्षभर अण्णांचा राम राम घेतला नाही. लग्नांना बोलावणं नाही, समाचाराला जायची सोय नाही. मला मात्र रस्त्यात भेटले की तेच लोक थांबून म्हणायचे, “काए बिन्नू, ठीक हो?” पुढं मी त्याच वस्त्यांमधून जनावरांना लसी टोचत फिरायला लागले. डॉक्टरीण बाईनं प्रशिक्षणाला नाव घातलं, आजही तेच काम करते, आणि त्या घरांची दारं मला कधी बंद झाली नाहीत. चिरगावच्या लिंबाखालची डुकरं सगळी वाचली. फूलवती मात्र अजून मला माफ करत नाही. दर वेळी चारचौघांत सांगते की हिनं शब्द दिलेली जनावरं दिली नाहीत. तिला समजावून सांगणं मी सोडून दिलंय. तिची डुकरं अंगाला अंग घासत आमच्या भोवती फिरत असतात आणि ती मला टोमणे मारत असते.

अण्णांना मी एकदाच विचारलं. मावशी भाकऱ्या थापत होती, ते जेवत होते. म्हटलं, “अण्णा, फोन तर मी केला होता. तुम्ही का सांगितलंत तुम्ही केला म्हणून?”

त्यांनी घास चावून संपवला. मग चष्म्यावरून माझ्याकडं असं बघितलं, की जणू मी परत एकदा खेचर आणि डुक्कर यांच्यात घोळ घातला होता.

“सिमकार्ड कुणाच्या नावावर आहे?”

“तुमच्या.”

“मग?”